नकाशा म्हणतो आमच्या सड्यावर हा सरडा असायला पाहिजे. खरं मानायचं का?

यवतेश्वरकर | ३ मे, रात्री १०:१२

मंडळी, घरात दोन दिवस अबोला आहे आणि कारण आहे सरडा. (अबोला एकतर्फी. आबा बोलतायत, भाची बोलत नाहीये.)

भाची पुण्यात एम.एस्सी. करते. सुट्टीला आली ती लॅपटॉप मांडीवर घेऊनच. एखादा प्राणी कुठे राहू शकेल याचा संगणकाकडून नकाशा काढून घ्यायचा, असा तिचा प्रोजेक्ट आहे. त्यासाठी तिनं सड्यावरचा (सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं कातळपठार) मोठा पंखेवाला सरडा घेतलाय. याचा नर उन्हाळ्यात दगडावर बसून गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पंखा उघडतो, तोच. २०१६ साली आपल्या चाळकेवाडीच्या सड्यावरून ही जात शास्त्रात नव्यानं नोंदली गेली. अख्ख्या प्रजातीला नाव दिलंय 'सरडा', आपल्या मराठी शब्दावरून! मला हे कळलं तेव्हा उगाच छाती फुगली.

मला समजलं ते असं. सरडा जिथं खात्रीनं दिसलाय अशा २३ जागा तिनं घेतल्या. त्या जागांचा पाऊस, तापमान, उंची, उतार संगणकाला दिला. मग संगणक सगळा मुलूख चौकोनाचौकोनानं तपासतो आणि तशीच परिस्थिती दिसेल तिथं रंग भरतो. लाल म्हणजे एकदम मानवणारी जागा, पांढरी म्हणजे अजिबात नाही.

पाटण तालुक्यातल्या आमच्या गावच्या सड्यावर लालभडक चौकोन आला. तिथून एकही नोंद नाही. आबा (वय ७८, त्याच सड्यावर म्हशी राखत मोठे झाले) ताटावरून म्हणाले, "ह्ये सांगायला मशिन कशाला पायजे? हाय की तिथं. पार मुंडकं लाल करून बसतोय." भाची म्हणाली, "आबा, तो साधा सरडा. वेगळा." झालं. पन्नास वर्षं सडा तुडवलेल्या माणसाला कुठला सरडा ते शिकवायचं म्हणजे...

तर प्रश्न असा की लाल रंगाचा अर्थ नेमका काय घ्यायचा? तिथं तो आहे, असायला हवा, की असता तर जगला असता? भाचीला विचारलं तर म्हणते "तिन्ही नाही". मग काय?

जीआयएसवाली | ३ मे, रात्री ११:०५

भाची बरोबर आहे. :)

मी नकाशांच्याच धंद्यात आहे (माहेर मिरज, सध्या पुणे). लालचा अर्थ एवढाच की ज्या जागांवर सरडा सापडला, त्यांच्याशी ही जागा तुम्ही दिलेल्या मुद्द्यांवर फार जुळते. मुद्दे तुम्ही दिलेले, हे महत्त्वाचं. तिनं बहुतेक मॅक्सेंट नावाचं सॉफ्टवेअर वापरलं असेल. २००६ पासून हे सगळ्यात चालतं, कारण त्याला 'कुठे दिसला' एवढंच पुरतं, 'कुठे नाही' ते लागत नाही. त्याचं तत्त्व असं की जेवढं माहीत आहे तेवढं पाळ आणि त्यापलीकडे पदरचं काही घालू नकोस. आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे तत्त्व आणलं पाहिजे.

सुमनताई_कराड | ४ मे, सकाळी ७:३०

अठ्ठावीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, म्हणून राहवत नाही.

एखाद्या प्राण्याला काय काय मानवतं, याला इंग्रजीत निश म्हणतात. निश म्हणजे मुळात भिंतीतला कोनाडा. आमच्या जुन्या घरात दाराशेजारी कोनाडा होता. त्यात चिमणी ठेवायची, वरची भिंत काजळीनं काळी. दुसरी कुठली वस्तू तिथं नीट बसायचीच नाही. ग्रिनेल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९१७ साली कॅलिफोर्नियातल्या थ्रॅशर पक्ष्यावर लिहिताना हा शब्द वापरला. हा पक्षी झुडपी रानाला चिकटून राहतो, ते सोडून जात नाही. का, हा त्याचा प्रश्न होता.

पुढे १९५७ मध्ये हचिन्सननं त्याचं गणित केलं. त्याचं म्हणणं, कोनाडा ही जागा नव्हेच, ती अटींची यादी आहे. तापमान इथपासून इथपर्यंत चालेल, पाऊस इथपासून इथपर्यंत. दोन अटी घेतल्या की कागदावर चौकोन होतो, तिसरी घेतली की खोका. पुढच्या अटी काढून दाखवता येत नाहीत, पण मोजता येतात. भाचीचा संगणक तेच मोजतोय.

आणखी एक त्यानंच सांगितलं. प्राणी जिथं राहू शकेल तो एक कोनाडा, आणि शत्रू, भाऊबंद, रोग यांच्या तावडीतून सुटून तो खरोखर जिथं राहतो तो दुसरा. दुसरा बहुतेक वेळा लहान असतो.

कोरडा_विनोद | ४ मे, सकाळी ९:१५

ताई, हे मला सातारा स्टँडवर रोज शिकवतात.

पुण्याच्या गाडीत मी कुठल्याही सीटवर बसू शकतो, हा माझा पहिला कोनाडा. खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आणि एकदा तर चक्क एक पोरगं आत टाकून झाल्यावर मला मागच्या चाकावरची सीट मिळते, हा दुसरा.

जीआयएसवाली | ४ मे, सकाळी ९:४०

@कोरडा_विनोद हसू नका, अडचण हीच आहे. मॉडेलला रुमाल दिसत नाहीत. त्याला फक्त मागच्या चाकावर बसलेले तुम्ही दिसता. वीस दिवस तुम्हाला तिथं बघून ते लिहितं, 'सातारकरांना चाकावरची जागा मानवते.' आणि मग महाराष्ट्रातल्या सगळ्या गाड्यांत मागच्या चाकावर लाल रंग भरतं.

म्हणजे आपण शोधायला निघतो पहिला कोनाडा आणि हातात असतात दुसऱ्यातले ठिपके, म्हणजे नोंदींच्या जागा. हा गुंता कुणालाच पूर्ण सुटलेला नाही.

बेदाणा | ४ मे, दुपारी १:५०

तासगाव साइडचा बागायतदार. सरड्यातलं कळत नाही, द्राक्षातलं सांगतो.

द्राक्ष मूळची थंडीच्या मुलखातली. तिकडं हिवाळ्यात वेल पानं गाळून झोपते आणि उन्हाळ्यात घड देते. आमच्याकडं ती झोपतच नाही. म्हणून आम्ही एप्रिलात खरड छाटणी घेतो आणि ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. दोन छाटण्या, पीक एक. युरोपातल्या बागांचे ठिपके देऊन तुमच्या मशिनला विचारलं तर तासगाव पांढरंफटक निघेल. इथं आमचे संसार त्याच पांढऱ्या चौकोनावर उभे आहेत. वेलीची अट आम्ही कात्रीनं वाकवली.

दुसरी गोष्ट डाऊनी रोगाची. पान किती तास ओलं राहिलं आणि तापमान किती, यावरून रोग येणार का ते सांगणारं वेदर स्टेशन आमच्या गटानं वर्गणी काढून बसवलंय. तेही तुमच्यासारखंच मॉडेल, फरक एवढाच की ते बुरशीचा कोनाडा सांगतं. स्टेशन माळावर, माझी बाग ओढ्याकाठी. दोन वर्षांपूर्वी फळछाटणीनंतर पोंगे (कोवळे फुटवे) फुटलेले. स्टेशन म्हणालं धोका नाही, मी फवारणी वाचवली. ओढ्याकाठी दव सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत हलत नाही, ते स्टेशनला माळावर कुठून दिसणार? चार दिवसांत पानांवर तेलकट डाग, पान उलटं केलं तर खाली पांढरी लव. मोबाइलवर अजून हिरवा टिक्का होता.

स्टेशन खोटं बोललं नाही हो. ते त्याच्या माळाचं बोललं.

कोयनाकाठ | ४ मे, रात्री ८:२२

बेदाणा भाऊ, शेवटचं वाक्य लाखाचं बोललात.

आमच्या भागात तर फारच. हे हवामानाचे तयार थर, म्हणजे आकडे भरलेले नकाशे, वापरतात ना, त्यांचा एक चौकोन साधारण एक किलोमीटरचा असतो. आपल्या सड्यांवर एक किलोमीटर चाललं तर काय काय लागतं? आधी जांभ्याचा उघडा कातळ, मग मुरूम, मग कारवीची जाळी, मग कडा, आणि कडा संपला की खाली दोनशे मीटरवर दाट झाडी. एवढ्या सगळ्याचा मिळून एक आकडा. सरडा मात्र वीतभर दगडावर जगतो. मे महिन्यात दुपारी कातळावर हात टेकवून बघा, टेकवत नाही. हवेचं तापमान तेव्हा सुखाचं असतं. त्याच दगडाच्या खालच्या फटीत हात घाला, गार. (घालू नका. फुरसंही तिथंच असतं.)

बरं, पावसाचे आकडे तरी प्रत्येक चौकोनात कुणी मोजलेत का? पर्जन्यमापक असतो मोजक्या गावांत, मधलं गणितानं भरून काढतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पाचगणीला पोचेपर्यंत निम्म्याच्याही खाली येतो, आणि त्याच जिल्ह्यात माणला पाचशेच्या आसपास. इतका उतरता जिना असताना मधली पायरी अंदाजानं काढायची म्हणजे पाय घसरणारच.

म्हसवडकर | ४ मे, रात्री ९:०१

माणचं नाव निघालं म्हणून आलो. भाचीच्या नकाशात आमचा तालुका कुठल्या रंगाचा आहे?

यवतेश्वरकर | ४ मे, रात्री ९:३०

@म्हसवडकर पांढरा. अगदी धुतल्यासारखा.

म्हसवडकर | ४ मे, रात्री ९:४४

वाटलंच. दुष्काळ, अनुदान, आता सरडा. सगळ्या नकाशांत आम्ही पांढरे.

पण मला सांगा, आमच्याकडून नोंदी किती होत्या? रविवारी कॅमेरे कासला जातात, ठोसेघरला जातात. आमच्याकडं लोक येतात ते सिद्धनाथाच्या रथाला, आणि ते सरडे बघायला येत नाहीत. माळावर लांडगा स्वतः बघितलेले धनगर माझ्या ओळखीत आहेत. त्यांतल्या एकानंही आयुष्यात कुठल्या ॲपवर नोंद केलेली नाही. 'दिसला नाही' आणि 'बघायला कुणी गेलंच नाही' यातला फरक तुमच्या मशिनला कळतो का?

जीआयएसवाली | ४ मे, रात्री १०:१०

नाही कळत. या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न.

नोंदी रस्त्याच्या कडेला गोळा होतात, घाटातल्या चहाच्या टपरीजवळ गोळा होतात, कॉलेजपासून गाडीनं तासाभराच्या आत गोळा होतात. कासला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा शिक्का बसल्यापासून तिथल्या फुला-किड्यांचे फोटो उदंड आणि शेजारच्या सड्याचे शून्य. मग मॉडेल सरडा शिकण्याऐवजी डांबर शिकतं.

थोडा उतारा आहे. मॅक्सेंटला तुलनेसाठी आजूबाजूचे हजारो ठिपके लागतात. ते मुलूखभर वाटेल तसे उधळायचे नाहीत. लोकांनी ज्या ज्या जागी इतर सरडे-पालींच्या नोंदी केल्यात, तेच तुलनेला घ्यायचे. म्हणजे जे गेले त्यांना काय दिसलं आणि त्यातून आपला सरडा कुठं निघाला, असा हिशोब होतो. माणमध्ये कुणी गेलंच नसेल तर तिथं पांढऱ्याऐवजी राखाडी रंग द्यावा आणि खाली सरळ लिहावं, 'माहिती नाही'.

कोरडा_विनोद | ४ मे, रात्री १०:१८

म्हसवडकर, अभिनंदन. पांढऱ्यावरून राखाडी, बढती झाली.

भाऊ_वाळवा | ५ मे, सकाळी ८:०५

मला हे सगळं थोतांड वाटतं, स्पष्ट बोलतो. काही वर्षांपूर्वी सांगलीच्या मार्केट यार्डापर्यंत गवा आला होता, आठवतंय? टीव्हीवर दिवसभर तेच. ती नोंद तुमच्या मशिनला द्या. म्हणेल, गव्याला हळदीची गोदामं मानवतात, विशेषतः सौद्याच्या दिवशी.

आणि बिबट्या? पुस्तकात लिहिलंय जंगलात राहतो. आमच्या ऊसतोडीवाल्यांना विचारा. फडातच पिल्लं सापडतात.

सुमनताई_कराड | ५ मे, सकाळी ८:५०

भाऊ, तुम्ही एका दमात दोन उलट उदाहरणं दिलीत, म्हणून सोडत नाही. :)

गवा यार्डात आला, घाबरला, भटकला. तिथं त्याचं पोट भरणार नव्हतं, वंश वाढणार नव्हता. ती पाहुण्याची नोंद, अशा नोंदी आधी निवडून काढाव्या लागतात. बिबट्याची मादी मात्र उसात पिल्लं घालते, वाढवते, पुढच्या हंगामात परत येते. ते घर आहे. त्यामुळे यार्डाचा ठिपका काढायचा आणि उसाचा ठेवायचा. हे ठरवायला प्राण्याची ओळख असलेला माणूस लागतो, ते संगणकाचं काम नव्हे.

भाऊ_वाळवा | ५ मे, सकाळी ९:२०

ठीक आहे ताई, ऊस मान्य. पण भाचीला विचारा, मॉडेल बरोबर आलंय हे तिनं ठरवलं कसं? स्वतःच पेपर काढायचा आणि स्वतःच तपासायचा असं तर नाही ना?

यवतेश्वरकर | ५ मे, दुपारी २:१५

विचारलं. (अबोला सुटला. आबांनी सकाळी तिच्यासाठी करवंदं आणली, त्यावर तह झाला.)

म्हणते काही ठिपके आधीच बाजूला काढून ठेवले होते. मॉडेलला ते न दाखवता नकाशा काढला आणि मग ते ठिपके लालमध्ये पडतात का बघितलं. त्यावरून एयूसी नावाचा गुण मिळतो, शून्य ते एक. अर्धा म्हणजे छापा-काटा. तिला ०.९६ आलाय. मार्गदर्शक सर खूश आहेत.

जीआयएसवाली | ५ मे, दुपारी ३:००

०.९६ ऐकून माझ्या भुवया वर गेल्या. दोन प्रश्न विचारा. तुलनेचे ठिपके कुठून घेतले? आणि बाजूला काढलेल्या जागा बाकीच्यांपासून किती लांब होत्या?

यवतेश्वरकर | ५ मे, दुपारी ४:४०

तुलनेला अख्खा महाराष्ट्र. बाजूला काढलेल्या जागा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, कुठल्याही.

जीआयएसवाली | ५ मे, दुपारी ४:५५

मग ०.९६ येणारच. गडचिरोली आणि अलिबाग तुलनेला ठेवल्यावर सातारचा सडा वेगळा ओळखणं यात हुशारी ती काय? पहिलीतलं पोरगं सांगेल. तिला म्हणावं, मुलूख आवळ. सडे आणि त्यांच्या पूर्वेचे माळ एवढंच ठेव. म्हणजे मॉडेलला 'हा सडा की तो सडा' हे खरं कोडं सोडवावं लागेल.

दुसरं, बाजूला काढलेला ठिपका शिकवलेल्या ठिपक्यापासून दोनशे पावलांवर असेल तर ती परीक्षा नव्हे, कॉपी आहे. एक अख्खा पट्टा झाकायचा, समजा चाळकेवाडीकडचा सगळा, आणि उरलेल्यांवरून तो ओळखता येतो का बघायचं.

भाऊ_वाळवा | ५ मे, संध्या. ५:३०

बघा! मी काय म्हणत होतो.

जीआयएसवाली | ५ मे, संध्या. ५:४१

तुम्ही थोतांड म्हणत होतात. मी म्हणते पेपर सोपा काढला होता. :)

रानभूल | ६ मे, रात्री ११:५०

मस्त धागा. फोटोसाठी विचारतोय, त्या २३ जागांचे नेमके अक्षांश-रेखांश कुणी टाकेल का? निदान दोन-चार?

कोयनाकाठ | ७ मे, सकाळी ६:१५

नको. तुमच्यावर संशय नाही, पण धागा सगळेच वाचतात. रंगीत सरडे पिशवीत घालून नेणारेही. आणि नुसते फोटोवाले गेले तरी काय होतं? चांगला फोटो पाहिजे म्हणून दगड उलटतात, आणि उलटलेला दगड परत कुणी नीट ठेवत नाही. एप्रिल-मे हा नरांचा पंखा उघडायचा काळ, नेमका तेव्हाच.

संपादक | ७ मे, सकाळी ९:००

कोणत्याही दुर्मीळ प्राणी-वनस्पतीची नेमकी जागा धाग्यावर देऊ नये. वरच्या एका प्रतिसादातला ठिकाणाचा उल्लेख काढला आहे.

कोयनाकाठ | ७ मे, रात्री ८:४०

चाळकेवाडीचं नाव पुन्हा आलं म्हणून एक सांगायचं राहिलं होतं. तिथल्या पवनचक्क्या सगळ्यांनी बघितल्यात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या लोकांनी तिथं अभ्यास केला, २०१८ साली छापून आला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चार पट कमी भरले. घारीसारखे पक्षी फिरत्या पात्यांकडं फारसे येत नाहीत. त्यामुळे खाली सरडे वाढले. नुसते वाढले असंही नाही. माणूस बराच जवळ गेल्याशिवाय पळेनात, अंगातला ताण मोजला तो कमी, आणि नरांच्या गळ्याच्या पंख्याचा रंगसुद्धा फिका. गर्दी झाल्यावर खायला कमी पडणार, मग नटण्यावर खर्च कोण करेल!

माझा मुद्दा, सडा तोच, पाऊस तोच, ऊन तेच. हवामानाच्या १९ थरांपैकी एकही हलला नाही. तरी सरड्यांची संख्या बदलली, कारण वरच्या घारी कमी झाल्या. भाचीच्या नकाशात घारीचा थर आहे का?

यवतेश्वरकर | ७ मे, रात्री ९:१०

नाही. विचारल्यावर पाच मिनिटं गप्प होती. मग "हा मुद्दा चर्चेत घालते" म्हणाली. चर्चा म्हणजे प्रबंधातलं प्रकरण, घरातली नव्हे.

बेदाणा | ७ मे, रात्री ९:३५

@कोयनाकाठ हे वाचून अंगावर काटा आला. आम्ही बागेवर पक्ष्यांची जाळी टाकतो तेव्हा खाली काय काय वाढत असेल, कधी विचारच केला नव्हता.

सुमनताई_कराड | ८ मे, सकाळी ७:१०

आणखी एक अट राहिली, पोचण्याची. जागा मानवणारी असून उपयोग काय, तिथवर जाता आलं पाहिजे. शेकरू घ्या, आपला राज्यप्राणी. हवामान सारखं असलेली दोन रानं असतात, पण मध्ये झाडांचे शेंडे तुटले की ते जमिनीवरून सहसा पलीकडं जात नाही. वाघ मात्र चालत येतो. २०१८ मध्ये चांदोलीच्या कॅमेऱ्यात आला तेव्हा सगळ्यांना केवढा आनंद झाला होता. हा सरडा एका सड्यावरून उतरून, दाट झाडीची दरी ओलांडून पलीकडचा सडा चढेल? त्याच्या दृष्टीनं सडे म्हणजे बेटं.

म्हणजे तिन्ही जुळावं लागतं. हवापाणी मानवलं पाहिजे, शेजारपाजाऱ्यांनी राहू दिलं पाहिजे आणि तिथवर वाट असली पाहिजे. भाचीचा लाल रंग यातलं फक्त पहिलं सांगतो.

कोरडा_विनोद | ८ मे, सकाळी ८:००

स्थळ बघताना आमची आई हेच तीन विचारते.

भाऊ_वाळवा | ८ मे, सकाळी १०:४५

प्रश्न विचारून धागाकर्ते गायब. आबांचं काय झालं? जाऊन बघितलं का कुणी? पाच दिवस लिहीत बसण्यापेक्षा सड्यावर जायला अर्धा दिवस लागतो.

यवतेश्वरकर | १९ मे, रात्री ९:५५

गायब नव्हतो, बँकेत बदलीचे दिवस आहेत. आता सविस्तर.

आधी नकाशा. भाचीनं मुलूख आवळला, तुलनेला इतर सरड्यांच्या नोंदी घेतल्या, एक अख्खा पट्टा झाकून परीक्षा घेतली. गुण ०.९६ वरून ०.७८. पोरगी रडायच्या बेताला. (@जीआयएसवाली तुमचं नाव घरात दोन दिवस काढायचं नाही असं ठरलं होतं.) माण आता राखाडी आहे, म्हसवडकरांनी नोंद घ्यावी. आमच्या सड्याचा लाल चौकोन नारिंगी झाला.

काल रविवारी गेलो. मी, भाची, आबा. आबांना नको म्हणत होतो, पण ते पहाटे पाचलाच टोपी घालून ओट्यावर बसलेले. नऊला सड्यावर. वळीव दोनदा येऊन गेलाय, त्यामुळे मुरमावर कुठं कुठं हिरवी लव, बाकी कातळ तसाच करपलेला. ज्या चौकोनासाठी एवढं रामायण, तिथं उभं राहून बघितलं तर कोयनाकाठ म्हणतात तसंच. अर्धा चौकोन कड्याखाली आणि उरलेल्यात कारवी. उघडा कातळ जेमतेम आमच्या घराच्या परड्याएवढा.

दीड तास काही नाही. मग आबांनी काठीनं दाखवलं, "ह्यो बग. म्हनलं न्हवतं?" करवंदीच्या जाळीवर डोकं न् गळा तांबडालाल केलेला नेहमीचा बागेतला सरडा. भाची काही बोलली नाही. फोटो काढला, वहीत लिहिलं. मला तिचं कौतुक वाटलं.

पाणी पिताना तिनं आबांना मोबाइलवर पंखेवाल्याचा व्हिडिओ दाखवला. नर उभा राहतो, गळ्याखालचं फडकं झटकन खाली पडतं, परत वर जातं. आबांनी मोबाइल लांब धरून दोनदा बघितला आणि म्हणाले, "ह्यो व्हय? मग आदी सांगायचं. ह्यो हितं नसतोय. ह्यो पल्याडच्या सड्याला, गुरं पान्याला न्यायचो तितं." पलीकडचा सडा नकाशात फिकट पिवळा.

गेलो. चाळीस मिनिटं लागली, आबांना पंचवीस. तिथं पवनचक्कीच्या कामासाठी कधीतरी रस्ता केलाय आणि कडेला मुरमाचे ढीग आहेत. त्यातल्या एका ढिगावर, पंधरा फुटांवर, बसला होता. भाचीनं माझा दंड इतका जोरात दाबला की अजून निळा आहे. त्यानं पंखा तीनदा उघडला. निळं, मग काळं, मग केशरी, उन्हात तेल लावल्यासारखं. चौथ्या वेळी अर्धवट उघडला आणि ढिगामागं गेला.

आबा म्हणाले, "ह्याला पंखा म्हनता? गळ्यात रुमाल बांदल्यावानी दिसतोय."

तोच सरडा का, हे अजून पक्कं नाही. त्याचे भाऊबंद आहेत आणि अंगाची लांबी बघावी लागते. फोटो सरांकडे गेलेत. पण माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर असं झालंय की लालमध्ये मिळाला नाही, पिवळ्यात मिळाला, आणि तो माणसानं टाकलेल्या मुरमावर.

भाऊ_वाळवा | १९ मे, रात्री १०:२०

म्हणजे मशिन हरलं, आबा जिंकले. विषय संपला.

जीआयएसवाली | १९ मे, रात्री १०:३८

एका दिवसात, एका सड्यावर? तिथं तो 'नाही' म्हणायलासुद्धा पाच-सात फेऱ्या लागतील. आणि आबा पलीकडच्या सड्याचं आधी का बोलले नाहीत? कारण आपण त्यांना व्हिडिओ दाखवला नव्हता. प्रश्नच चुकीचा विचारला होता.

बाकी ०.७८ खरा आहे. भाचीला माझ्यातर्फे कंदी पेढे द्या.

म्हसवडकर | १९ मे, रात्री १०:५०

मुरमावर मिळाला ना? मुरूम आमच्याकडं रग्गड आहे. राखाडीचं लाल करायला कधी येताय?

यवतेश्वरकर | २० मे, सकाळी ७:२५

@म्हसवडकर त्याच तयारीत आहोत. भाचीनं रात्री नवी यादी केली. पाच लाल चौकोन, पाच पिवळे आणि पाच पांढरे, त्यात दोन तुमच्या तालुक्यातले. पांढऱ्यांत गेल्याशिवाय नकाशा कुठं चुकतो ते कळणारच नाही म्हणते. पुढच्या रविवारपासून सुरुवात, पाऊस लागायच्या आत.

आबांना हे पटलेलं नाही. "न्हाई म्हून मशिननंच सांगितलंय, तितं उनाचं कशाला मरायचं?" असं म्हणत काठीला नवीन रबर बसवतायत.

कोरडा_विनोद | २० मे, सकाळी ७:४०

मी येणार. आबांच्या शेजारची खिडकी. रुमाल टाकलाय.